बोट ठेवा

उलानबातरचं विमान दुपारी दीडला उतरतं नारिताला.
कॉरिडॉरमधलं कार्पेट इतकं जाड
की बॅगांच्या चाकांचाही आवाज मरतो.
मग वाट फुटते.

रिकुतो या वर्षी मापात बसला.
टाच न उचलता खांबावरच्या रेघेला डोकं लागलं.
आता त्याला त्याचं दार एकट्याने उघडता येतं.
त्याच्या पासपोर्टवर फूल, माझ्यावर वाऱ्याचा घोडा.
त्याच्या रांगेवर पाटी: आलात घरी, या.
माझ्या रांगेवर: आपलं स्वागत आहे.
दोन पाट्यांत अंतर म्हणाल तर हातभर,
एकाच रंगाऱ्याच्या असाव्यात.

जाता जाता तो वळून म्हणाला,
"आई, तुझं मशीन हळू आहे."

हळू आहे खरं. त्याला बोटं लागतात.
पासपोर्ट पालथा घाल. थांब.
दोन्ही तर्जन्या काचेवर.
बोट ठेवा, म्हणतं ते चार भाषांत,
त्यात माझी नाही.

उत्सुनोमियाच्या लाँड्रीत
दिवसाला नऊशे अभ्रे, हॉटेलांचे, कडक, पांढरे.
वाफेने रेघा गेल्या बोटांवरच्या,
देवळाची पायरी झिजते तशा.
नाव नोंदवायला गेले तेव्हा ती कोवळी ऑफिसर
ओल्या फडक्याने माझी बोटं पुसत होती
आणि माझ्या नावाला अडखळत होती:
जरा जोरात दाबा, ओयुन... ओयुनचिमेग-सान.
सहाव्यांदा जमलं. दोघींनाही.

वरच्या मजल्यावरच्या मात्सुनागाबाई
लिफ्टमध्ये अजून विचारतात, परत कधी जाणार?
एकोणीस वर्षं झाली.
कर वेळेवर, कचरा वारानुसार,
माझ्यावर बोट ठेवायला जागा नाही.
मशीन तर काहीच विचारत नाही.
पूर्वी शिक्का बसायचा, ठप्प,
आणि काउंटरवरचा माणूस निदान वर बघायचा.

आईला शिक्के मोजायची सवय.
या खेपेला चष्मा लावून तिने पानं उलटली,
कोरी, कोरी, कोरी,
शेवटचा शिक्का चार वर्षांपूर्वीचा.
"म्हणजे तू गेलीच नव्हतीस कुठे,"
असं म्हणून ती चुलीत शेण सारायला उठली.

लाल दिवा.
बोटं कपाळावर घासली, थोडं तेल लागावं म्हणून;
ही युक्ती लाँड्रीतल्या फिलिपिनो मर्लिंडाची.
पुन्हा लाल.
मागे व्हायोलिनची पेटी घेतलेला माणूस
घड्याळाकडे न बघता घड्याळ बघतो.
काचेपलीकडे रिकुतो, पाठ माझ्याकडे, फोनमध्ये.
हीच उजवी तर्जनी धरून चालायचा तो,
इतकी घट्ट, की दुकानात पैसे द्यायला
एकेक करून त्याची बोटं सोडवावी लागायची.
दाबून धरते काचेवर. थंड.
हिरवा.
दार उघडलं, कुणी उघडलं नाही.

पट्ट्यावरून बॅग आली. आत आरूल,
दह्याचे वाळवून दगड झालेले खडे,
भावाच्या बायकोने बांधून दिलेले.
कस्टमचा कुत्रा हिरवं जाकीट घालून
बॅग हुंगून पुढे गेला,
थबकला, परत आला,
आणि माझ्या बुटांपाशी फतकल मारून बसला.

"माफ करा, मांस वगैरे काही?"
नाही. दही आहे. आणि हे बूट परवापर्यंत
मेंढ्यांच्या गोठ्यात होते.
बाईंनी बॅग उघडली, खडे मोजले, मिटली.
कुत्रा उठेना.
रिकुतो लाजून खांबामागे गेला,
कोण ही बाई, असं तोंड करून.

मी वाकले. बोट पुढे केलं.
"हात नका लावू, तो कामावर आहे," बाई म्हणाल्या.
उद्या सहापासून मीही.
पण तोवर त्याने बोट हुंगलं होतं,
टोकापासून पेरापर्यंत, सावकाश,
आणि ओलं करून ठेवलं होतं.