वापर उद्देशानुसार

अर्ध्या किमतीत मिळालेला बॅटरीपंप तपासायला
घाटंजीहून उईके मॅडम सकाळीच आल्या,
चपलेला पऱ्हाटीतला चिखल.

"बॅटरी कुठं हाय, अंजिराबाई?"
"गोठ्यात.
पहाटे लाइन गेली अन् गाय अडली, माय.
मागचे पाय आधी.
हात घालाले उजेड तं लागतेच."

फॉर्मवर उद्देश छापलेला:
फवारणीचे श्रम कमी करणे.
खाली चौकट. होय. नाही.

वायरीच्या टोकाला बल्ब अजून जळत होता,
दिवस वर आल्यावर कोणाच्या ध्यानातच नव्हता.
ओली कालवड उठायला गेली, पडली,
पुन्हा गेली.
मॅडम पेन उघडून तशाच उभ्या
तिचे चारी पाय टेकेपर्यंत.

मग 'होय'वर खूण.
शेरा: बॅटरी चालू स्थितीत.