उपाशीपोटी

"काही खाल्लंय का?"
सकाळी सातला, बाही वर सरकवता सरकवता,
मी एवढंच विचारते.
"काहीच नाही," म्हणतात सगळे.

फटी गावडो म्हणाला, "कायच ना गो,"
आणि त्याच्या मिशीत पेजेचं एक शीत
वाळून बसलेलं.
मनोरमाबाईंच्या मते प्रसाद जेवणात धरत नाहीत :
एक पेढा, दोन केळी, देवाच्या खात्यावर.
तुळशीदास मास्तर उर्राकाच्या दिवसांत फिरकत नाहीत,
जूनमध्ये येतात, चार दिवस कारल्याचा रस पिऊन,
तपासणीच्या दिवशी पोरं नखं कापून येतात तसे.

मी बोलत नाही. नळीवर नाव चिकटवते.
नळीही लगेच बोलत नाही,
तिला दुपारचे दोन वाजतात.

शुक्रवारी इनास आला.
पोदेर.
सायकल बाहेर, टोपलीवर निळं प्लॅस्टिक,
आणि बोरीच्या आरोग्यकेंद्रात पसरलेला
भट्टीतल्या कोंड्याचा वास.
रांगेतल्या उपाशी माणसांनी माना वळवल्या.

रोज पहाटे लोटलीहून पूल ओलांडून येतो हा.
आमचे डॉक्टर प्रत्येक साखरवाल्याला लिहून देतात,
उंडो बंद, कोंड्याची पोळी खा.
म्हणजे माझे अर्धे रुग्ण
याच्याच टोपलीवर जगतात.

पायाचा अंगठा दाखवला त्यानं.
पॅडलला घासलेला, तीन आठवडे झाले,
भरत नव्हता.

तीनशे बारा.

"काय खाता?"
"पोळी. सुकी. कधी खारा बांगडा."
"गोड?"
"गोड? म्हाका गोड आवडना."
"चहा?"

तो हसला.
मग सुट्टे पैसे मोजतो तसा बोटांवर मोजू लागला.
देऊळवाड्यावर तीन घरं.
वळणावरची कामिल, ती बिस्किटही देते.
रेशन दुकान. तिशेवर शेटांची सून, नुकती लग्न होऊन आलेली,
तिला नको म्हटलं तर वाईट वाटतं.
पंचायतीचा शिपाई अर्धा कप देतो, पण दोनदा.
चौदा झाले.
"ना कशें म्हणूं, बाय? हॉर्न ऐकून कप भरून ठेवतात."

प्रत्येकात दोन चमचे, कुठे तीन.
कारण पाऊस आहे. कारण ऊन आहे.
कारण बिचारा इतक्या लांबून सायकल मारत येतो.

अकरावा कप माझा.

माझ्याच पायरीवरचा, निळ्या कडेचा,
वेलची घातलेला, साखर तीन.
कारण चार वर्षांपूर्वी तो एकदा म्हणाला होता,
"बाय, तुजी च्या बरी,"
आणि नवऱ्यानंसुद्धा
माझ्या चहाला कधी एवढं म्हटलं नव्हतं.

कागदावर रकाना आहे : आहारविषयक सूचना.
बोटभर रुंद.
त्यात एका माणसाचं तोंड मावतं,
चौदा घरांच्या पायऱ्या मावत नाहीत.
मी लिहिलं, साखर टाळा.
लिहिताना हात जरा चिकट वाटला.

शनिवारी हॉर्न वाजला तेव्हा
मी सोलांचं पाणी ठेवलं,
मीठ, हिंग, चिमटीभर जिरं.
त्यानं कपात पाहिलं, मग माझ्याकडे.
"आज कोण गेलं गो बाय?"
"कोणी नाही. कोणी जायला नको म्हणून."
उभ्यानंच प्याला. तोंड वाकडं केलं.
दोन पोळ्या मागितल्या होत्या, तीन दिल्या,
तिसरीचे पैसे काही केल्या घेईना,
आणि लंगडत लंगडत सायकल
वळणाकडे नेली,
जिथे कामिलच्या खिडकीत
वाफ दिसत होती.

उरले तेरा.

मंगळवारी त्यातले पाच जण येतील रक्त द्यायला,
उपाशीपोटी, शपथेवर.
मी बाही वर सरकवीन, शीर चाचपीन,
आणि सुई टोचण्याआधी
या वेळी दुसरंच विचारीन :
"पोदेराला काय दिलंत?"