सत्त्याहत्तर अँपिअर

ड्रेस्डेनच्या पूर्वेला, पाइनच्या रानातल्या प्रयोगशाळेत
रात्री दोनला मेर्चिन शोव्ता स्टूल ओढून बसतो
तांब्याच्या नळकांड्यांपाशी. एकात एक.
मधल्या फटीत गॅलियम, इंडियम, कथील वितळून एक झालेले,
आरशासारखे, आणि आरशासारखेच
आतलं काही न दाखवणारे.
म्हणून अल्ट्रासाऊंड.
गरोदर बाईच्या पोटाला लावतात तसं
झाकणाला लावलेलं.

आतलं नळकांडं भरभर फिरतं,
बाहेरचं सावकाश, पण फार सावकाश नाही.
एवढ्यावर द्रव शांत राहतो, हे फळ्यावर सिद्ध झालंय.
चुंबकाचा जोर खूप वाढवला तरी शांत, लाकडासारखा.
बिघडतं ते
थोडासाच लावला की.

डॉक्टर थीडेमान बाईंनी कॅन्टीनमध्ये समजावलं होतं,
मोज्यातून निघालेलं इलॅस्टिक दोन बोटांत धरून:
हा आतला कण, हा बाहेरचा.
आतला पुढे पळतो, धागा त्याला मागे खेचतो,
तो जोर गमावतो, आणखी आत पडतो.
त्याचा जोर बाहेरच्याला मिळतो,
तो आणखी लांब जातो.
ताऱ्याभोवतीची धूळ अशीच ताऱ्यात पडत असावी.
"म्हणजे जवळ ओढणारा धागाच —"
मेर्चिन म्हणाला,
आणि उरलेलं वाक्य बटाट्याबरोबर गिळलं.

हांझा रविवारी कीलहून फोन करते.
तो सॉर्बियनमध्ये विचारतो, ती जर्मनमध्ये सांगते.
परवा त्याने तिचा एक शब्द दुरुस्त केला.
एकच.
ती म्हणाली, बाबा, भांडी घासायची राहिलीत.

नव्वद. पंच्याऐंशी. ऐंशी.
तो खटका हळूहळू उतरवतो.
सत्त्याहत्तरवर पडद्यावर तिरके पट्टे उमटतात,
एकामागोमाग, खालून वर,
कुणीतरी जिना चढत असल्यासारखे.
झाकणांचा खोडसाळपणा असेल; मागे दोनदा फसलोय.
तो पन्नासवर आणतो. पट्टे जातात.
परत सत्त्याहत्तर, आणि वाट पाहतो.
थर्मासमधली कॉफी गार झालीय, तरी पितो.
येतात.

बाईंना उठवावं का? तीन वाजायला आलेत.
तो वहीत वेळ लिहितो, आकडा लिहितो,
आणि त्याच्यापुढे, आई म्हणायची तसा,
'झोव्मा'. लाट.
इथे सकाळी कुणालाच वाचता येणार नाही.
पेन थोडा वेळ तिथेच टेकून राहतं,
शाईचा ठिपका पसरतो.
खाली जर्मन शब्दापुरती
जागा सोडून
तो पुन्हा पडद्याकडे वळतो.