वाण

तिकिटं भिजवायला पितळी परात लागते.
स्टीलची नको, तळ चकाकतो, कागद कळत नाही.
रत्नप्रभा ह्या परातीला हात लावत नाही.
"घाला राणीला आंघोळ," म्हणते
आणि बस्तीत जाते.

विनिपेगहून भाची पाकिटांचे कोपरे कापून पाठवते,
वर्षातून दोनदा, खोक्याच्या कडेला कोंबून.
मेपलचं पान, बदकं, बर्फातली आगगाडी,
आणि राणीचा तोच एक चेहरा
निळा, जांभळा, विटकरी.
दोनशे राण्या सारख्या. मी दोनशे एकावी शोधतो,
जिच्या कानामागे शाईचा ठिपका सुटलाय,
जिच्या किमतीच्या आकड्याला दुहेरी कड आलीय,
चष्मा विसरून रंकाळ्यावर गेलं
की दिव्यांना येते तशी.

लक्ष्मीपुरीत अत्तारच्या दुकानात दोन डबे.
"मगदूमसाहेब, चांगला माल ह्यात, नासका त्यात.
तुम्ही नासक्यातच हात घालताय नव्हं?"
व्हय, नासक्यातच.

पण ठिपका दिसला म्हणून लगेच नाचायचं नसतं.
धूळ बसली असेल, शाई उडाली असेल,
एकदाच झालं असेल. सोडून द्यायचं.
मग दुसऱ्या तिकिटावर, तिसऱ्यावर,
नऊ वर्षांनी हाती आलेल्या चौथ्यावर
तोच ठिपका, केसांच्या त्याच वळणाखाली,
म्हणजे तो ठशातच होता.
ओटावात कुणाचा तरी हात एका दुपारी हलला होता
आणि छापखाना तो हलणं छापत राहिला.
एकदा घडते ती चूक.
तिथंच घडत राहिली की तिला वाण म्हणायचं.
बियाण्याचं असतं तसलं. संक्रांतीला लुटतात ते नव्हे.

एकतीस वर्षं मी उद्यमनगरात फाउंड्रीत इन्स्पेक्टर होतो.
नग टांगायचा, हातोडीनं ठोकायचा,
बद्द वाजला की खडूची फुली.
फुलीचा माल दुसऱ्या दिवशी परत भट्टीत.
चुका जपून ठेवायला आमच्याकडे वही नव्हती.

यल्लाप्पा मोल्डरच्या प्रत्येक व्हॉल्व्हला
फ्लँजच्या खाली, डाव्या अंगाला,
ज्वारीच्या दाण्याएवढी खळी यायची.
दर खेपेला. तिथंच.
"सायब, वाळू दाबताना अंगठा तितवर पोचत न्हाई," म्हणाला एकदा,
आणि अंगठा दाखवला.
वरचं पेर नव्हतं.
मी बघितलं, आणि पुढच्या नगावर फुली मारली.
नगामागे पैसे कापायचे ते कापले गेले.
माझं चुकलं नाही.
पाण्याच्या दाबाला ती खळी फुटली असती,
आजही लेखी देईन.

एवढंच, की हजार नगांच्या ढिगातून
डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून
त्याचा नग मी काढून दिला असता,
आणि ह्याला काय म्हणतात
ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ओल्या तिकिटांवर टीपकागद, त्यावर पाटी, पाटीवर वजन.
वजन म्हणजे लोखंडाचा एक नग.
लोणच्यावर दडपण म्हणून रत्नप्रभाने मागितला होता,
मी रिजेक्टमधला उचलून, गेटपास करून आणला.
मिठानं गंजायला लागला, तसा माझ्या टेबलावर आला.
सतरा वर्षं तिथंच आहे.
काल उचलताना बोट आपोआप
फ्लँजच्या खाली गेलं. डावीकडे.

मी स्वयंपाकघरात गेलो, डब्यातून ज्वारीचा एक दाणा घेतला.
बसला.

वहीत रकाने आहेत: देश, साल, रंग, दोष, जागा.
जागा लिहिली.
दोषाच्या रकान्यावर पेन बराच वेळ टेकलं
आणि तिथं एक ठिपका पडला.

रत्नप्रभा बस्तीतून आली, परातीत डोकावली.
"एक राणी पालथी पडलीय," म्हणाली.