ठेंगू मांत्रिक

नियमांचं मराठी मीच केलं होतं,
शंभर पानी वहीत, निळ्या शाईनं.
रेस या शब्दापाशी तीन दिवस अडलो.
आधी लिहिलं जात.
मग खोडलं, इतकं की कागद फाटला.
मग पुढच्या पानावर, वंश.
क्लासला वर्ग लिहिलं, तर बसू म्हणाला,
"कितवीचा?"

शनिवारी रात्री, सांगलीत, गणपती पेठेत
आमच्या हळदीच्या वखारीच्या माळ्यावर
आम्ही चौघं.
उसवलेल्या पोत्यावर कोळशानं काढलेला नकाशा,
भडंगाची परात,
आणि वीस अंगांचा एकुलता एक फासा,
पुण्याहून पांढरा आलेला,
दोन महिन्यांत पिवळा झालेला.

तेजल वायदंडेनं ठेंगू घेतला.
नाव ठेवलं खडकू.
"वर्ग?"
"मांत्रिक."
मी वही चाळली. माझंच अक्षर:
ठेंगूंना योद्धा होता येईल, किंवा चोर.
मंत्रविद्या वर्ज्य.
वर्ज्य हा शब्द मला लिहिताना
फार आवडला होता.

"का पण?"
"त्यांच्या रक्तात नसते."
"कुणी तपासलं?"

बसू मगदूम आडतीचा हिशेब ठेवतो, नियमांचा माणूस.
म्हणाला, "बग की, ठेंगूला अंधारात दिसतंय,
इष चढत न्हाई.
ते घेताना भांडली न्हाईस.
समद्यांला समदंच दिलं तर वंश पायजेत कशाला?
माणसंच घ्या चार, न् जावा आपापल्या घरला."

खोटं नव्हतं त्याचं.

तेजल परातीतले शेंगदाणे एका बाजूला करत होती.
"दिसणं अंगातलं," ती म्हणाली, "कबूल.
पण शिकणं?
ते कुणाच्या अंगात असतं रे बसू,
आईच्या पोटातनं?"

इर्शाद शिकलगार मिरजेहून येतो,
नखांत लाख, बोटांना भोपळ्याचा भुसा.
त्याचा गडी अर्धा माणूस, अर्धा यक्ष,
कागदावरच्या एका चौकटीत
आई आणि बाप दोन्ही कोंबून बसलेला.
तो इतका वेळ गप्प होता.
"आमच्यात तलवारींना धार लावायचे," म्हणाला,
"मग तलवारींचं गिऱ्हाईक संपलं.
कुणीतरी भोपळा आणला, तार ओढली, कान लावला.
तेव्हा वही कुणाच्या हातात होती
काय म्हाईत.
आडनाव तेवढं बदलायचं राहिलं."

"मग जातपडताळणी करूया खडकूची!"
बसू हसवायला म्हणाला.
कोणी हसलं नाही. नंतर तोही नाही.
तेजलच्या पिशवीत तेव्हा खरंच एक फाईल होती,
मंगळवारची तारीख,
वडिलांचा शाळेचा दाखला,
आजोबांच्या दाखल्याची रिकामी जागा.
हे मला पुढं कळलं.
नाही, तेव्हाच माहीत होतं,
आणि मी वही चाळत राहिलो.

या खेळात शेवटचा शब्द माझा असतो.
वखार वडिलांची, वही माझी, फासा माझा.
बरं वाटतं ते. लपवत नाही.
त्या रात्री मी वर्ज्य खोडलं नाही,
धीर झाला नाही म्हणा, किंवा अक्षर चांगलं आलं होतं म्हणून.
खाली लिहिलं: खडकूला कुणीतरी शिकवलं.

"कुणी?"
"ते तू सांग."
"त्याच्या आत्यानं," ती म्हणाली. "चोरून."
मग थांबली.
"चोरून नको. लिही,
उन्हात, ओट्यावर बसून,
येणारे जाणारे बघत होते."
मी लिहिलं तसंच.

खडकूचा पहिला मंत्र. समोर लोखंडी दार.
फासा पोत्यावरनं घरंगळत
परातीच्या कडेला टेकला.
एक.
वीसातला एक. याहून खाली काही नसतं.
मंत्र उलटला, खडकूची दाढी पेटली.

"म्हणलं नव्हतं?" बसू ओरडला.

"हे फाशानं म्हटलं," तेजल म्हणाली,
हसून हसून डोळ्यांत पाणी,
तळहात पिवळा, पुढे केलेला,
"फाशाचं मी ऐकते.
आण इकडं, परत टाकते."