तीन बोटं

डिसेंबरात नागपूर दोन आठवडे राजधानी होतं.
खड्डे बुजतात, दुभाजकांना रंग लागतो,
आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर
रोज नवे झेंडे, नवे कर्णे, तेच बॅरिकेड.

आम्ही मोर्चा काढला नाही.
अकरा दातांचे डॉक्टर, त्यातले चौघे
दुपारचे पेशंट आहेत म्हणून अर्ध्यातून परतले.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात;
आमचं भरतं,
म्हणूनच आमचं गाऱ्हाणं
कोणी फारसं मनावर घेत नाही.

आमदार निवासात तिसऱ्या मजल्यावर
सतरंजीवर गावाकडची माणसं आडवी,
ग्रिलला वाळत घातलेले टॉवेल.
ठवकर पीएंनी आमची फाइल
तळहातावर तोलून पाहिली.
"एकवीस पानं? साहेब एक वाचतात, मॅडम.
तेही गाडीत."

बोंदाडे सर खाली उतरले, कडुनिंबाखाली
माझ्या स्कूटीच्या सीटवर कागद पसरून
एकेक उपटू लागले, भूल न देता.
आकडेवारी गेली. परदेशातले दाखले गेले.
"सर्वंकष" काढताना हात थोडा थांबला,
तो त्यांचा आवडता शब्द.
उरली एवढी ओळ:
ग्रामीण रुग्णालयात खुर्ची आहे, दंतवैद्य नाही.
तिच्याखाली मी तालुक्याचं नाव लिहिलं.
साहेबांच्याच.

रात्री साडेदहाला आत बोलावलं.
सर निवेदन वाचायला लागले, साहेब मोबाइल.
मग मी मध्येच अंकुश नेवारेचं सांगितलं.
कळमन्यात हमाली करतो, गाव तुमच्याच भागातलं,
वय चोवीस, खर्रा सतराव्या वर्षापासून.
तोंड उघडत नाही त्याचं.
एक बोट जातं. दुसरं अडतं.
"माय पातळ वरण करून देते जी,"
हे वाक्यही तो दातांआडून बोलतो.

साहेबांनी मोबाइल पालथा ठेवला.
"किती जायला पाहिजे?"
तीन, म्हटलं. स्वतःचीच. एकावर एक, उभी.

आणि मग त्या खोलीत,
जिथे सकाळपासून कोणी बोलायचं थांबलं नव्हतं,
कोणीच बोलेना.
ठवकरांची बोटं तोंडात, दारावरच्या शिपायाची तोंडात,
बदलीसाठी आलेल्या दोन गुरुजींचीही.
ड्रायव्हरची दोनवर अडकली.
त्यानं हात काढला, खिशात घातला,
खिशात पन्नी वाजली.
साहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं होतं.
त्यांची किती गेली, कळलं नाही.

प्रश्न लागला. पुढच्या अधिवेशनात, मुंबईला,
यादीत सत्तेचाळिसावा.
सभागृह एकोणिसाव्यापर्यंत पोचलं
आणि गदारोळात उठलं.
लेखी उत्तर आलं ते असं:
हे खरे आहे काय? अंशतः खरे आहे.
असल्यास, कार्यवाही? सुरू आहे.
बोंदाडे सरांनी त्याची झेरॉक्स काढून
क्लिनिकच्या भिंतीवर डिग्रीशेजारी लावली.
मला वाटलं टोमणा आहे.
तसं नव्हतं.
"अंशतः म्हणाले ना," सर म्हणाले,
"किडलेला दातही अंशतःच असतो सुरुवातीला.
तेव्हाच गाठायचं."

मार्चमधल्या एका दुपारी तो ड्रायव्हर आला,
गाडी नव्हती, सिटी बसनं.
रजिस्टरमध्ये भलतंच नाव सांगितलं.
मी तेच लिहून घेतलं.

अंकुश मंगळवारी येतो.
आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून
दातांत धरून बसतो वीस मिनिटं,
एवढाच सध्याचा इलाज.
आधी सात मावायच्या. आता नऊ.
दहावी घालायला गेला की डोळ्यांत पाणी येतं,
मग हसतो; ते हसणं
अजून नीट मावत नाही तोंडात.

रिसेप्शनवर कुंदाला सांगून ठेवलंय,
डिसेंबरचा दुसरा आठवडा, कोणालाही वेळ देऊ नकोस.
ती विचारते, "लग्न आहे का कोणाचं?"
नाही गं. एक पान पोचवायचंय.
आणि अंकुशला विचार,
येशील का म्हणावं सोबत.