गुरुवारचं गिऱ्हाईक

दर गुरुवारी, भरतीच्या आधी,
ग्लेनिस पेनफोल्ड राजाला शिडी लावते.
बादली, ब्रश, नगरपालिकेचं पिवळं जाकीट.
आठवडाभर सीगलनी वाहिलेला नजराणा
आधी खांद्यावरून खरवडायचा,
मग नाकावरून.

ब्राँझमध्ये तो सडपातळ आहे.
खरा म्हणे कंबरपट्टा आवळायला
दोन नोकर लागायचे,
न्याहारीला कबुतरं,
आणि घुमटांचा तो महाल
समुद्राकडे पाठ करून बांधलेला,
कारण लाटा फुकट होत्या.

अंथरूण पाहून पाय पसरावेत.
यानं आधी पाय पसरले
आणि अंथरूण गावाकडून मागवलं.

मेल्यावर पुतळ्यासाठी वर्गणी काढली.
निम्मीच जमली.
उरलेल्या पैशांसाठी पत्रं लिहिता लिहिता
शिल्पकार म्हातारा झाला.
चौथऱ्यावर त्याचं नाव नाही.

ग्लेनिस झग्याच्या मागच्या घडीपाशी येते.
तिथे, जिकडे कुणी बघत नाही,
एक अंगठ्याचा ठसा आहे:
ओल्या मातीत राहिलेला,
तसाच धातूत उतरलेला.
तेवढा ती ब्रशनं घासत नाही.
हातमोजा काढते,
बोटानं पुसते.

खाली चिप्सचा पुडा घेतलेला मुलगा विचारतो,
कोण गं हा?
"माझं गुरुवारचं गिऱ्हाईक," ती म्हणते,
शिडी मिटते.

तेवढ्यात एक सीगल झेपावतो,
पुड्यातली सगळ्यात लांब चिप उचलतो
आणि ओल्या, चकचकीत डोक्यावर
जाऊन बसतो.